पैलाड पिंपळघाट

माझं हसणं जरा मोठं आहे. आई म्हणते, या पोरीला हसू दाबता येत नाही, एक दिवस हिला ते नडणार. नडलं. ऱ्हाईनच्या काठावर, मे महिन्यात, ड्युसेलडॉर्फच्या जपानी उत्सवात, भर गर्दीत नडलं.

त्या दिवशी पाऊस होता. म्हणजे इथला पाऊस — धड पडत नाही, धड थांबत नाही. छत्री उघडली तर उगाच वाटतं आणि मिटली तर केस भिजतात. मी समोर दिसला त्या मांडवात शिरले. आत छोट्याशा मंचावर सात-आठ जपानी आज्या एका सुरात गात होत्या आणि त्यांच्या बाजूला माईक घेतलेला एक उंच, सावळा मुलगा प्रत्येक कडव्याचा अर्थ जर्मनमध्ये सांगत होता. गाणं कुठल्याशा बर्फाच्या गावचं होतं. आमचा बर्फ, आमचा भात, आमचं इवलंसं स्टेशन... असं एकेक कौतुक चाललेलं. एका कडव्यापाशी मात्र तो अडला. त्याने हातातला कागद उलटा केला, सुलटा केला आणि माईक बंद आहे अशा समजुतीने चक्क मराठीत पुटपुटला, "आता गवताच्या बुटांना जर्मनमध्ये काय म्हणू, माझं कपाळ."

माईक बंद नव्हता. शंभरेक जर्मन माणसांनी हेही त्या गाण्यातलंच असणार असं समजून गंभीरपणे माना हलवल्या. आणि मी हसले. मांडवाच्या मागच्या टोकापर्यंत ऐकू जाईल इतकं.

त्याने वर पाहिलं. गर्दीतून नेमकं माझ्याकडे. कान लाल झालेले, आणि डोळ्यांत मात्र पकडला गेल्याची गंमत... मला त्याच क्षणी तिथून निघायला हवं होतं. पण बाहेर पाऊस होता ना.

कार्यक्रम संपल्यावर तो सरळ माझ्यापाशी आला.

"तुमच्यामुळे मी शेवटचं कडवंच गाळलं," तो म्हणाला. "त्यात त्यांच्या गावची नदी होती. आता त्या मधल्या आजींना, मोरिता-सानना, काय सांगू?"

"सांगा, पावसात वाहून गेली."

तो हसला. पण जरा उशिरा हसला — तेव्हा ते मला नुसतं जाणवलं, कळलं नाही.

"कुठल्या तुम्ही?" त्याने विचारलं.

दोन शब्दांचा प्रश्न. परदेशात भेटलेली दोन मराठी माणसं दुसरं काय विचारणार? पण या प्रश्नाच्या पाठीमागून दुसरा येतो, हे मी पुण्यात शिकले होते. हॉस्टेलचा पहिला आठवडा. "मी आत्ताच येऊन राहिली," असं मी म्हटलं आणि खोलीतल्या मुली आठवडाभर माझी नक्कल करत बसल्या. ते एक वेळ चाललं असतं. पण मग गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, आणि वासनिक म्हटल्यावर एकीने आपला डबा हळूच स्वतःकडे ओढून घेतला. त्या दिवसापासून मी बोली घासूनपुसून पुणेरी केली, गाव गाळलं आणि आडनावही जमेल तिथे गाळलं. लोखंडाला तडा कुठून जातो, यावर मी इथल्या संशोधन संस्थेत काम करते. स्वतःच्या तड्यावर मात्र मी छान रंग फासला होता.

"पुणे," मी म्हटलं. "तुम्ही?"

"पुणे," तो म्हणाला. "क्षितिज शेंडे."

शेंडे! म्हणजे खास पेठेतला, मी मनात पक्कं करून टाकलं. मी नुसतं "मुक्ता" एवढंच सांगितलं.

निघताना मोरिता-सान माझ्याजवळ आल्या. शहात्तर वर्षांच्या, हातभर उंचीच्या वाटाव्यात इतक्या लहानखुऱ्या. माझा हात धरून त्या बराच वेळ काही बोलल्या. क्षितिजने मराठीत सांगितलं, "त्या म्हणतात, इतकं मोठं हसणाऱ्या बाईचा आवाजही मोठा असणार. शनिवारी तालमीला या." जरा थांबून म्हणाला, "एवढंच त्या म्हणाल्या. आता मी म्हणतो... याच."

मी गेले. नुसता आवाज चांगला आहे म्हणून गेले, असं मी स्वतःला सांगितलं.

नदीपलीकडच्या ओबरकासेल भागातल्या एका सभागृहात दर शनिवारी दुपारी ही मंडळी जमत. बहुतेक जणी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आलेल्या आणि मग इथल्याच झालेल्या. त्यांच्या गाण्यांना त्या ‘गोतोची’ गाणी म्हणत, म्हणजे आपापल्या गावाची गाणी. एकीच्या गाण्यात सफरचंदं होती, एकीच्या गाण्यात ज्वालामुखी आणि मुळे, एकीच्या गाण्यात तर गावातल्या पुलाची लांबी मीटरमध्ये. मला आधी हसू यायचं. मग त्या पुलाच्या कडव्यापाशी त्या बाईचा आवाज दर वेळी कसा भरून येतो ते ऐकलं, आणि हसू थांबलं.

मोरिता-सानचे नियम दोनच. पहिला, ज्याने त्याने आपल्याच गावाचं गाणं म्हणायचं. दुसऱ्याची चाल कितीही गोड असो, दुसऱ्याच्या अंगणात आपण झाडायला जात नाही. दुसरा नियम यूर्गनमुळे झाला होता. यूर्गन म्हणजे सत्तरीचा, निवृत्त ट्रामचालक, तिथला एकटाच जर्मन. तो बायकोच्या, हिसाएच्या, गावाचं गाणं म्हणायचा, भयंकर उच्चारात, आणि हिसाए शेजारी बसून मांडीवर ठेका धरायची. मोरिता-साननी त्याच्यासाठी ठरवून टाकलं होतं, लग्न केलं की गावही मिळतं.

"आणि तुमचं गाणं?" मी क्षितिजला विचारलं होतं.

"दुभाष्याला गाव नसतं."

"पुणे आहे की."

"पुण्याचं तुम्ही म्हणा. माझा आवाज फाटका आहे."

तो एका जपानी कंपनीत दुभाषा होता. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं इकडून तिकडे नेऊन ठेवायची. त्यामुळे स्वतःचं वाक्य बोलायची वेळ आली की तो थबकायचा, नीट निवडून बोलायचा. जूनमध्ये कधीतरी आम्ही तुम्हीवरून तूवर आलो. परतीची उ-बान, म्हणजे इथली मेट्रो, आमची एकच होती. तो थर्मासमध्ये चहा आणायचा, आल्याचा, आणि झाकणात ओतून आधी मला द्यायचा. झाकण परत देताना बोटं लागायची... मग दोघंही उगाच त्या झाकणाकडे बघत बसायचो. एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. गाडी ऱ्हाईनच्या पुलावर आली की सगळे खिडकीतून नदी बघतात. तो कायम पाठ करून बसायचा.

"नदीशी भांडण आहे का?" मी एकदा चिडवलं.

"तू समोर बसलेली असताना नदी कोण बघेल?" तो म्हणाला. मला इतकं छान वाटलं की त्याने उत्तर टाळलंय हे घरी पोचल्यावर लक्षात आलं.

जुलैत मोरिता-सानचं फर्मान निघालं. ऑक्टोबरच्या कार्यक्रमात मुक्ता-सान पुण्याचं गाणं म्हणणार. आता आली का पंचाईत! मी बसून लिहिलं. वाडे घातले, टेकडी घातली, बाकरवडी घातली, पेठांची नावं एका दमात येतील अशी चाल लावली. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी म्हणून दाखवलं. आज्यांनी टाळ्या वाजवल्या. मोरिता-सान डोळे मिटून बसल्या होत्या. मग त्या एकच वाक्य बोलल्या आणि क्षितिज ते मराठीत आणायला बिचकला.

"सांग ना."

"त्या म्हणतात... गाणं छान आहे. पण या गावात कुणी राहत नाही."

मला रडू आलं. इतकं खरं कुणी बोललं की येतंच. क्षितिजला वाटलं, मला लागलं. त्याने मला नदीकाठच्या बाकावर नेलं, चहा ओतला. भुरभुर पाऊस होता. आणि मग, त्या दिवशी पहिल्यांदा, नदीकडे तोंड करून बसून तो म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस. मी तर त्यांना अख्खं गावच खोटं सांगितलंय. मी पुण्याचा नाही, मुक्ता."

मी त्याच्याकडे वळले.

"भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी एक गाव होतं. पिंपळघाट. तुला माहीत असायचं काही कारण नाही."

झाकणातला चहा माझ्या ओठांपाशी थांबला.

मग तो सांगत गेला. नदीवर धरण झालं. हा तेरा वर्षांचा होता. भिंतींवर आकडे टाकले गेले, माणसं नव्या प्लॉटांवर गेली, याला पुण्याला काकांकडे पाठवलं. पण त्याआधी पाणी चढताना त्याने पाहिलं होतं. वाळूतल्या टरबुजाच्या वाड्या गेल्या, शाळा गेली, आणि शेवटी विहाराचं छप्पर आणि त्यावरचा पंचशील झेंडा तेवढा पाण्यावर होता. दुसऱ्या दिवशी तोही नव्हता. कुणी गाव विचारलं तर काय सांगायचं? पाण्याखाली आहे म्हटलं की लोक हळहळतात, आणि ते त्याला सोसत नाही. त्यापेक्षा पुणे बरं.

म्हणजे शेंडे पेठेतले नव्हते. माझ्याच नदीचे, माझ्याच लोकांतले होते. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, मी तर जर्मनीपर्यंत वळसा घालून आले होते. मी तोंड उघडणार, सांगणार... तेवढ्यात तो पुढे बोलला.

"समोरच्या काठावर आंबेटोला आहे. उंचावर, म्हणून वाचलं. आमचं गाव बुडत होतं तेव्हा तिथली माणसं काठावर उभी राहून बघत होती. ओळीने. त्यांचा काही दोष नाही, कळतं मला. पण अजून कुणी आंबेटोला म्हटलं ना, की मी तिथून उठून जातो."

मी त्या ओळीत होते. अकरा वर्षांची, बाबांचं बोट धरून.

"चहा गार झाला," मी म्हणाले.

त्यानंतरचे पाच आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. रोज ठरवायची, आज सांगेन. रोज तो एखादा निरोप पाठवायचा, एखादं वेडं जपानी वाक्य अर्थासकट, आणि मला वाटायचं, आजचा दिवस जाऊ दे. सांगितलं तर तो दोन गोष्टी एकदम ऐकणार होता. मी पहिल्या दिवसापासून खोटं बोलले, आणि मी आंबेटोल्याची आहे. यातली एक कदाचित त्याने माफ केली असती. दोन्ही? मला तो हवा होता, हे आता मी स्वतःपासून लपवत नव्हते. पुण्याची मुक्ता होऊन तो मिळालाही असता. पण मग आयुष्यभर त्याच्यासमोर त्याच गाण्यातल्यासारखं राहावं लागलं असतं — छान, आणि आत कुणीच नाही.

शेवटी मी आईला फोन केला. डोंग्यातून नदी पार करताना बायका काय म्हणायच्या, विचारलं.

"काहून वं?" आई म्हणाली. "आज डोंग्याची याद कशी आली तुले?"

मी सगळं सांगितलं. आईने विचारलं, "शेंड्याइचा पोरगा? पिंपळघाटचा?" आणि हळू आवाजात ती गाऊ लागली. दोन कडवी तिला आठवत होती. तिसरं मी जोडलं.

ऑक्टोबरच्या त्या रविवारी दुपारी सभागृह भरलं होतं. यूर्गनचं गाणं झालं, हिसाएचा ठेका झाला. मग माझं नाव पुकारलं. क्षितिज माईक घेऊन बाजूला उभा होता, हातात पुण्याच्या गाण्याचं तयार भाषांतर. ठरलं होतं तसं — एक कडवं माझं, मग त्याचा अर्थ, मग पुढचं. मी त्याच्याकडे न बघता सुरू केलं.

ऐलाड माझं आंबेटोला, पैलाड पिंपळघाट,
मधी वाहे वैनगंगा, डोंग्या लाव रे काठ.

मी थांबले. आता अर्थ यायला हवा होता. आला नाही. लोक त्याच्याकडे बघत होते. त्याच्या हातातला कागद खाली गेला. मला वाटलं, हा आता माईक ठेवून निघून जाणार. सभागृहाचं दार त्याच्यापासून चार पावलांवर होतं... मग त्याने घसा साफ केला आणि जर्मनमध्ये, मग जपानीत, अगदी हळू सांगितलं. नदीच्या या काठाला एक गाव, त्या काठाला एक गाव. दोन्ही नावं त्याने उच्चारली. मी दुसरं कडवं घेतलं.

पिंपळघाटचं टरबूज बाई वाळूमंधी निजे,
कापता कापता त्याच्या रसानं पदर माझा भिजे.

हा अर्थ त्याने सांगितला तेव्हा आज्या हसल्या आणि त्याचा आवाज फाटला. तिसऱ्याला मी त्याच्याकडे बघितलं.

नदीनं नेला घाट बाई, नाव नाही नेलं,
ऐलाडच्या पोरीनं ते गाठी बांधून ठेवलं.

याचं भाषांतर झालंच नाही. कुणी मागितलंही नाही.

मी मागच्या गॅलरीत जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने तो आला. दोन हात अंतर राखून उभा राहिला.

"मी त्या बाकावर बसून तुला सगळं सांगत होतो," तो म्हणाला. "आणि तू म्हणालीस, चहा गार झाला."

"घाबरले."

"कशाला?"

"तू उठून जाशील म्हणून." मग मी हॉस्टेल सांगितलं, तो ओढलेला डबा सांगितला, पुणे कसं सुरू झालं ते सांगितलं. आणि जे सांगायचं सर्वांत महत्त्वाचं होतं, तेही. "आम्ही तमाशा बघायला नव्हतो उभे, क्षितिज. तुमच्या गावात आमच्या आत्या होत्या, सोयरे होते. बाबांना रडताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवशी आंबेटोल्यात एकाही घरी चूल पेटली नाही. पलीकडून तुला ते कसं दिसणार?"

पाऊस गॅलरीच्या कठड्यावर टपटपत होता. तो म्हणाला, "एकाही घरी नाही?"

"एकाही नाही. आईला विचार हवं तर."

त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. मग ते दोन हातांचं अंतर एका पावलात संपवलं आणि अगदी मे महिन्यातल्या सुरात विचारलं, "कुठल्या तुम्ही?"

"मुक्ता वासनिक," मी म्हणाले. "आंबेटोला, जिल्हा भंडारा." किती वर्षांनी. माझंच नाव मला नवं वाटलं.

"मी पिंपळघाटचा," तो म्हणाला. "पैलाडचा."

एवढ्यात मोरिता-सान आल्या. कमरेवर हात. मागे हिसाए, तिच्यामागे यूर्गन. मोरिता-सान माझ्याकडे बोट करून क्षितिजला जपानीत काहीतरी ठणकावून बोलल्या. क्षितिजचे कान लाल झाले, त्या दिवशी मांडवात झाले होते तसेच.

"काय म्हणतात?"

"काही नाही."

"दुभाष्याने गाळायचं नसतं."

"त्या म्हणतात..." त्याने खाली बघितलं, वर बघितलं, गवताच्या बुटांपाशीही तो इतका अडला नव्हता. "तू नियम मोडलास. आपलं गाव गायलीस ते ठीक. पण दुसऱ्याच्या गावाचंही गायलीस. तशी सवलत फक्त यूर्गनला आहे. तर तू पिंपळघाट... कुठल्या नात्याने गायलीस, असं त्यांनी विचारलंय."

तो थांबला. हे नुसतं त्यांचं वाक्य नव्हतं, हे त्याच्या डोळ्यांत सरळ दिसत होतं.

"त्यांना सांग," मी म्हणाले, "नियम मोडला नाही. थोडा आगाऊ पाळलाय, इतकंच."

त्याने ते जपानीत कसं सांगितलं, देव जाणे. निम्म्यात त्याचा आवाज पुन्हा फाटला. पण मोरिता-सान अशा हसल्या की माझं हसणं त्यापुढे काहीच नाही. यूर्गनने गंभीरपणे मान हलवली, "या, या, गेनाऊ," म्हणजे हो हो, अगदी बरोबर, असं म्हणाला आणि क्षितिजचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला.

परतीच्या उ-बानमध्ये आम्ही शेजारी बसलो. त्याने माझा हात धरला होता आणि मी थर्मासचं झाकण. गाडी पुलावर चढली. तो खिडकीकडे वळला आणि पूल संपेपर्यंत नदी बघत राहिला.

"केवढी रुंद आहे गं ही ऱ्हाईन," तो म्हणाला.

मी बारा वर्षांत घराबाहेर न काढलेल्या माझ्या बोलीत म्हटलं, "काहीच नाही बाप्पा, आपल्या वैनगंगेपुढं."

आणि या वेळी तो अगदी वेळेवर हसला.